गहाण, व्याज आणि खटले : दख्खनमधील शेतकरी एकत्र कुटुंबांच्या व्याजभाराचा इतिहास (१८२७ ते १९४७)

प्रस्तावना :

एकोणिसाव्या शतकातील दख्खनच्या शेतकऱ्याच्या कर्जबाजारीपणाची चर्चा इतिहासलेखनात प्रामुख्याने दोन अंगांनी झालेली आहे. एका बाजूस रयतवारी साऱ्याचा बोजा आणि दुसऱ्या बाजूस सावकाराचा व्याजदर. या दोन्ही अंगांचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. तथापि या चर्चेत कर्ज घेणारा शेतकरी हा एकटा मनुष्य आहे असे बहुधा गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात पुणे, अहमदनगर, सातारा व सोलापूर या जिल्ह्यांत कर्ज घेतले जात असे ते एका कुटुंबाच्या नावावर, एका कर्त्याच्या सहीने, आणि फेडले जात असे ते दोन-तीन पिढ्यांच्या श्रमातून. आजोबांनी काढलेल्या कर्जाचे व्याज नातवाने भरावे ही त्या काळातील अपवादात्मक घटना नव्हती.

मोठ्या एकत्र कुटुंबाला मराठीत 'खटले' म्हणतात आणि न्यायालयातील दाव्याला 'खटला'. या दोन शब्दांतील साम्याचा कर्जाच्या इतिहासात मात्र वारंवार प्रत्यय येतो. प्रस्तुत लेखात अशा खटल्यांवरील गहाणकर्जाचा व्याजभार काळाच्या ओघात कसा वाढला, याचा विचार केला आहे. त्यातून पुढे येणारा मुद्दा असा की, हा भार केवळ व्याजाच्या दराने ठरत नव्हता. रोखा किती वर्षांनी बदलावा लागतो, कुटुंबातील कोणाची सही सर्वांवर बंधनकारक होते आणि गहाण सोडवताना किती वारसांनी एकत्र यावे लागते, या तीन गोष्टींनी तो दराइतकाच, किंबहुना दराहूनही अधिक ठरत होता. या तिन्ही गोष्टी कायद्याने निर्माण केलेल्या वा बदललेल्या होत्या.

धर्मशास्त्रातील व्याज आणि पिढ्या :

ऋणाविषयीचे धर्मशास्त्रीय नियम ब्रिटिश न्यायालयांनी पूर्णपणे टाकून दिले नाहीत, म्हणून त्यांचा विचार आधी करणे अगत्याचे ठरते. मनुस्मृतीत वसिष्ठप्रणीत दर म्हणून शेकड्याचा ऐंशीवा भाग दरमहा, म्हणजे सव्वा टक्का महिना अथवा पंधरा टक्के वर्ष, हा दर येतो; भाष्यकारांनी तो तारण असलेल्या कर्जाचा दर मानला आहे. वर्णानुसार चढते दरही तेथे आहेत आणि त्यांकडे दुर्लक्ष करून या परंपरेचे गुणगान करणे योग्य होणार नाही. परंतु दोन तत्त्वे विशेष महत्त्वाची आहेत. पहिले तत्त्व दामदुपटीचे. एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलापेक्षा अधिक असू नये, हा नियम. रोख रकमेची मर्यादा दुप्पट आणि धान्यासारख्या वस्तूंची त्याहून अधिक होती.

दुसरे तत्त्व पिढ्यांविषयीचे आहे आणि त्याची चर्चा तुलनेने कमी झालेली दिसते. बृहस्पतीच्या मते बापाचे ऋण मुलाने स्वतःच्या ऋणाप्रमाणे व्याजासह फेडावे; आजोबांचे ऋण नातवाने फेडावे, पण केवळ मुद्दल; आणि पणतूवर, वारशाने काही मिळालेले नसल्यास, ते बंधनकारक नाही. म्हणजे पिढी जसजशी पुढे जाते तसतसा व्याजाचा हक्क क्षीण होत जातो. व्याज हे काळाचे मोल आहे असे म्हणणाऱ्या सावकारी तर्काला येथे बरोबर उलटे उत्तर दिलेले आहे. जुगार, मद्य अशा व्यसनांसाठी काढलेले बापाचे कर्ज मुलावर बंधनकारक नाही, हाही त्याच परंपरेतील नियम होय.

मुंबई इलाख्यात या तत्त्वांपैकी मुलाच्या जबाबदारीचा भाग न्यायालयांनी कठोरपणे उचलला. वारशाने काहीही मिळालेले नसले तरी मुलगा बापाच्या कर्जाला जबाबदार, अशी स्थिती या इलाख्यात १८६६ पर्यंत होती. त्या वर्षीच्या सातव्या कायद्याने वारसाची जबाबदारी त्याला मिळालेल्या मालमत्तेपुरती मर्यादित केली. शेतकऱ्याच्या मुलाला मात्र मिळणारी मालमत्ता म्हणजे जमीनच असल्याने या सवलतीचा उपयोग त्याला अल्पच झाला. मागे जमीन राहिली म्हणजे कर्जही राहिले.

१८२७ ते १८५९ :

पेशवाईच्या अखेरच्या काळात मिरासी जमिनीचा व्यवहार हा एकट्या खातेदाराचा व्यवहार नसे. मिरास ही घराण्याची असल्याने ती बाहेरच्याच्या हाती देताना भाऊबंदांची संमती महत्त्वाची ठरे आणि कर्जाचे तंटे पंचायतीपुढे येत. सावकार दारात धरणे धरी, तगादा लावी. तथापि त्यास गावातच राहावयाचे असल्याने वसुलीला एक सामाजिक मर्यादा असे. त्या काळी व्याज कमी होते असा याचा अर्थ नव्हे. कागदावरचे व्याज आणि हाती पडणारे व्याज यांत अंतर असे, एवढेच म्हणता येईल. पुढील काळात हे अंतर कमी करण्याचे काम दिवाणी न्यायालयांनी केले.

१८२७ च्या एल्फिन्स्टन संहितेतील पाचव्या रेग्युलेशनने व्याजाची कमाल मर्यादा शेकडा १२ ठरविली आणि कर्जाच्या दाव्याला १२ वर्षांची मुदत दिली. हे दोन्ही आकडे एकत्र वाचावे लागतात. बारा वर्षे थांबण्यास सावकार मोकळा होता आणि बारा टक्क्यांनी बारा वर्षांत सरळव्याज शेकडा १४४ होते, जे दामदुपटीच्या नियमाने १०० वर थांबते. म्हणजे शंभर रुपयांच्या कर्जासाठी बारा वर्षांनी जास्तीत जास्त दोनशेचा दावा. दामदुपटीला या व्यवस्थेत खरा अर्थ होता.

१८५५ च्या अठ्ठाविसाव्या कायद्याने व्याजदरावरील निर्बंध उठविले. करारात लिहिलेला दर न्यायालयाने मानावा, हे तत्त्व रूढ झाले. आणि १८५९ च्या चौदाव्या कायद्याने नोंदणी न झालेल्या रोख्याच्या दाव्याची मुदत तीन वर्षांवर व नोंदणी झालेल्या रोख्याची सहा वर्षांवर आणली. जुने, शिळे दावे उकरून ऋणकोला छळता येऊ नये, असा या कायद्याचा हेतू होता. हेतू आणि परिणाम यांत इतके अंतर पडलेला दुसरा कायदा दख्खनच्या इतिहासात क्वचितच आढळेल.

तीन वर्षांचा रोखा :

मुदत संपण्यापूर्वी सावकारापुढे दोन मार्ग उरले : दावा करणे किंवा नवा रोखा लिहून घेणे. शेतकऱ्यापाशी रोकड नसल्याने दुसरा मार्ग रूढ झाला. दर तीन वर्षांनी हिशेब करावयाचा, थकलेले व्याज मुद्दलात मिळवावयाचे आणि त्या एकूण रकमेचा नवा रोखा करावयाचा. नव्या रोख्यात जुन्याचा उल्लेख असेच असे नाही. तेवढी रक्कम रोख मिळाली असेही लिहून घेतले जाई.

या पद्धतीचा व्याजावर काय परिणाम झाला हे एका काल्पनिक परंतु त्या काळच्या दराशी सुसंगत उदाहरणाने दाखविता येईल. शंभर रुपये शेकडा २४ दराने घेतले आणि मधल्या काळात काहीही फेड झाली नाही असे धरू. तीन वर्षांचे व्याज ७२. नवा रोखा १७२ रुपयांचा. सहाव्या वर्षी तो सुमारे २९६ चा होतो, नवव्या वर्षी ५०९ चा आणि बाराव्या वर्षी ८७५ चा. १८२७ च्या व्यवस्थेत ज्या कर्जाचा दावा दोनशेवर थांबला असता ते तितक्याच काळात पावणेनऊशेवर जाते. दर दुप्पट झाला. थकबाकी मात्र चौपटीहून अधिक झाली.

येथे एक बाब विशेष ध्यानात घ्यावयास हवी. दामदुपटीचा नियम या काळात रद्द झालेला नव्हता. मुंबई इलाख्यातील न्यायालये तो मानीत होती. पण दोन्ही पक्षांनी नव्या कराराने व्याज मुद्दलात मिळविले तर ते मुद्दलच समजले जाई. चोवीस टक्क्यांनी तीन वर्षांत व्याज ७२ होते, शंभर नव्हे. म्हणजे तीन वर्षांच्या मुदतीत साधा रोखा दामदुपटीच्या मर्यादेला कधी स्पर्शच करीत नव्हता. ती मर्यादा गाठण्यासाठी शेकडा ३३ हून अधिक दर असावा लागे. प्राचीन नियम पुस्तकात तसाच राहिला आणि मुदतीच्या कायद्याने त्याच्या खालची जमीन काढून घेतली. कर्जबाजारीपणाच्या चर्चेत व्याजदराला जेवढे महत्त्व मिळाले, तेवढे या तीन वर्षांना मिळावयास हवे होते.

उदाहरणातील गणित प्रत्यक्षात इतके नितळ नव्हते. दर सुगीला काही धान्य, कडबा, कापूस सावकाराच्या घरी जाई आणि तो सांगेल त्या भावाने जमा होई. मध्येच बियाणे, खावटी, साऱ्याचा हप्ता यांसाठी नवी उचल होई. पावती क्वचितच मिळे. त्यामुळे मूळ मुद्दल किती आणि त्यावरचे व्याज किती हे दोन-तीन रोख्यांनंतर सांगणे खुद्द कर्त्यालाही अवघड जाई.

याच टप्प्यावर जमीन व्यवहारात येते. सुरुवातीचे कर्ज बहुधा साध्या रोख्यावर असे. रक्कम फुगली म्हणजे सावकार तारण मागे. १८६५ च्या मोजणी व जमाबंदी कायद्याने खातेदाराचा कब्जाहक्क वारसाहक्काने मिळणारा व हस्तांतरणीय ठरविला होता. शिवाय १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवी युद्धाच्या काळातील कापसाच्या तेजीने जमिनीचे मोल वाढले होते. तेव्हा वरील उदाहरणातील ८७५ रुपयांचे गहाणखत झाले आणि तारण मिळाल्यामुळे सावकाराने उदारपणे दर निम्मा, शेकडा १२, केला असे धरले तरी वर्षाचे व्याज १०५ रुपये होते. मूळ घेतलेल्या शंभरापेक्षाही अधिक रक्कम दरवर्षी. गहाणाचा दर कमी असतो ही अर्थशास्त्रातील गोष्ट खरी, पण कोणत्या मुद्दलावर, हा प्रश्न त्याआधी विचारला पाहिजे.

सही कोणाची, कर्ज कोणाचे :

मोठ्या खटल्याकडे सावकार कोणत्या दृष्टीने पाहत होता? अनेक तोंडे म्हणजे अधिक खर्च, अशी इंग्रज अधिकाऱ्यांची सामान्य समजूत होती. लग्ने, तेरावी, सणवार यांमुळे रयत बुडाली, हे वाक्य त्या काळच्या प्रशासकीय लिखाणात वारंवार भेटते. दख्खन दंग्यांच्या चौकशी आयोगाने मात्र लग्नखर्चाला कर्जबाजारीपणाचे कारण म्हणून अवाजवी महत्त्व दिले गेल्याचे नमूद केले. असे प्रसंग कुटुंबात वरचेवर येत नाहीत; खावटी, बी-बियाणे, बैल आणि सारा यांच्या लहानलहान उचली मात्र दरवर्षीच्या असतात, हा त्यामागील विचार होता. सावकाराच्या दृष्टीने तर अनेक तोंडांपेक्षा अनेक हात महत्त्वाचे होते. एक भाऊ मेला वा परागंदा झाला तरी दुसरा नांगर धरील. मोठे खटले ही पत होती.

ही पत कायद्याने पक्की केली. मिताक्षरा परंपरेनुसार आपत्काळी, कुटुंबाच्या पोषणासाठी व धर्मकृत्यासाठी कर्त्याला कुटुंबाची मिळकत गहाण देता येत होती. १८५६ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने हनुमानप्रसाद पांडे यांच्या प्रकरणात असे ठरविले की, सावकाराने गरजेची प्रामाणिक चौकशी केली असेल तर तो सुरक्षित आहे. पैसा प्रत्यक्षात कोठे खर्च झाला हे पाहण्याची जबाबदारी त्याच्यावर नाही. या निर्णयाचा कागदावरील परिणाम सहज दिसतो. गहाणखतात 'सरकारदेणे देण्यासाठी', 'घरखर्चासाठी', 'लग्नकार्यासाठी' अशी कारणे लिहिण्याची प्रथा पडली आणि सज्ञान भाऊ व मुलगे यांच्या सह्या किंवा निशाण्या घेणे सावकाराच्या हिताचे ठरले. ज्यांना अक्षरओळख नव्हती अशा चौघांच्या निशाणीने पाचव्याचे, म्हणजे पाळण्यातल्या मुलाचेही कर्ज होत असे.

गरज जमिनीच्या गहाणाची असली तरी इतक्या चढ्या दराने कर्ज काढण्याचीही गरज होती काय, असा प्रश्न न्यायालयाने विचारावयास हवा होता. तो प्रिव्ही कौन्सिलने १९१९ मध्ये विचारला आणि दराची गरजही सावकाराने सिद्ध केली पाहिजे असे म्हटले. तोपर्यंत दोन पिढ्या उलटून गेल्या होत्या.

मुंबई इलाख्याचे आणखी एक वैशिष्ट्य मोठ्या कुटुंबांना विशेष घातक ठरले. येथे सहदायादाला आपला अविभक्त हिस्सा इतरांच्या संमतीवाचून मोबदला घेऊन गहाण देता वा विकता येत असे. उत्तरेकडील मिताक्षरा प्रांतांत ही मोकळीक सर्वत्र नव्हती. परिणामी एका भावाच्या कर्जापायी सावकार खटल्यातील एका हिश्श्याचा मालक बनून वाटणीचा दावा करू शके. १८९३ च्या वाटणी कायद्याने राहत्या घराच्या बाबतीत असा त्रयस्थ वाटणी मागू लागल्यास तो हिस्सा किंमत देऊन परत घेण्याचा अधिकार कुटुंबीयांना दिला. पण किंमत द्यावयाची म्हणजे पुन्हा कर्ज आलेच.

१८७५ चे दंगे आणि १८७९ चा कायदा :

कापसाचे भाव उतरले, १८६७ पासून इंदापूर तालुक्यात व नंतर इतरत्र फेरजमाबंदीचे वाढीव दर आले आणि सावकारांनी हात आखडता घेतला. १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातील कर्डे गावी एका सावकाराने देशमुखाविरुद्ध मिळविलेल्या हुकूमनाम्याच्या बजावणीवरून बहिष्काराला आरंभ झाला. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे जमाव सावकारांच्या घरांवर चालून गेला आणि तेथून पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत लोण पसरले. जमावाचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. रोखे, गहाणखते आणि वह्या बाहेर काढून जाळल्या गेल्या. तीन-तीन वर्षांनी बदलणाऱ्या रोख्यांची व्यवस्था लक्षात घेतली म्हणजे ही कृती अडाण्यांचा उद्रेक वाटत नाही. व्याज कोठे राहते हे त्यांना नेमके माहीत होते.

चौकशी आयोगाच्या अहवालातील निष्कर्ष प्रसिद्ध आहेत. पाहणी झालेल्या भागात सुमारे एक-तृतीयांश खातेदार कर्जात होते. त्यांचे कर्ज सरासरीने त्यांच्या साऱ्याच्या अठरा पट होते. आणि त्यातील जवळजवळ दोन-तृतीयांश कर्जाला जमिनीचे गहाण होते. शेवटचा आकडा सर्वांत बोलका आहे. साध्या रोख्यावरून गहाणाकडे जाण्याचा प्रवास १८७५ पर्यंत बराचसा पूर्ण झाला होता, असे त्यावरून म्हणता येते.

१८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा पुणे, अहमदनगर, सातारा व सोलापूर या चार जिल्ह्यांना लागू झाला. त्यातील बाराव्या व तेराव्या कलमांकडे व्याजाच्या दृष्टीने पाहिले पाहिजे. न्यायालयाने रोख्याच्या मागे जाऊन व्यवहाराचा आरंभापासून इतिहास तपासावा; मुद्दल व व्याज यांचे हिशेब वेगळे मांडावेत; करारात काहीही लिहिलेले असले तरी चक्रवाढ व्याज धरू नये; हिशेबाशिवाय जमिनीचे उत्पन्न व्याजात वळते करण्याचा करार मानू नये; सावकाराला मिळालेले सर्व लाभ, सेवाही, ऋणकोच्या बाजूला जमा कराव्यात; आणि व्याजाची बाकी मुद्दलाच्या बाकीहून अधिक निघाल्यास मुद्दलाच्या दुपटीएवढीच रक्कम देय समजावी. वीस वर्षांपूर्वी ज्या दामदुपटीला मुदतीच्या कायद्याने निरर्थक केले होते तिला येथे इंग्रजी कायद्याच्या भाषेत पुन्हा स्थान मिळाले. याच कायद्याने शेतकऱ्यावरील काही दाव्यांची मुदतही पुन्हा वाढविली, ही १८५९ च्या चुकीची कबुलीच होती.

न्या. महादेव गोविंद रानडे यांनी या कायद्याखाली आधी साहाय्यक आणि १८८७ पासून विशेष न्यायाधीश म्हणून काम केले. मात्र केवळ न्यायालयीन तपासणीने व्याज स्वस्त होणार नाही, ही त्यांची भूमिका होती. १८९१ मध्ये जमिनीच्या तारणावरील पतपुरवठ्याच्या पुनर्रचनेवर त्यांनी मांडलेल्या निबंधात युरोपातील भूतारण संस्थांचा दाखला येतो. विल्यम वेडरबर्न यांची पुरंदर तालुक्यासाठीची शेतकी बँकेची योजना त्यापूर्वीच १८८४ मध्ये भारतमंत्र्यांच्या कार्यालयात अडली होती. दुसरीकडे महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ मधील 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात सावकाराबरोबर न्यायालयातील कारकुनी व्यवस्थेलाही जबाबदार धरले. रानडे यांना भांडवलाचा अभाव दिसत होता आणि फुले यांना अक्षरांची मक्तेदारी. व्याजभाराचे पूर्ण चित्र या दोहोंना एकत्र ठेवल्यावाचून उभे राहत नाही. आणि त्यातही, ज्याची निशाणी कागदावर उमटत होती त्याला कागद वाचता येत नव्हता ही फुले यांची बाब अधिक मुळाशी जाणारी होती, असे मानावे लागते.

खरेदीखताच्या पडद्याआड :

या कायद्याच्या बाविसाव्या कलमाने खास गहाण नसलेली शेतकऱ्याची स्थावर मिळकत हुकूमनाम्याखाली विकण्यास मनाई केली. संरक्षणाच्या या तरतुदीने गहाणाचे महत्त्व उलट वाढविले, कारण गहाण नसेल तर जमिनीला हात लावता येत नव्हता. आणि गहाणाचा हिशेब न्यायालय उकरून काढणार, हे कळल्यावर गहाणाऐवजी सरळ खरेदीखत लिहून घेण्याची प्रथा वाढली. पैसे परत दिल्यावर जमीन परत देऊ, हे केवळ तोंडी ठरे. १८७२ च्या पुरावा कायद्याने लेखी दस्ताविरुद्ध तोंडी पुरावा वर्ज्य असल्याने न्यायालयात ते सिद्ध होईना. अखेर १९०७ मध्ये दहा-अ हे कलम घालून, खरेदी ही वस्तुतः गहाण होती हे दाखविण्यास शेतकऱ्याला परवानगी मिळाली. दरम्यान १९०५ मध्ये हा कायदा इलाख्याच्या उर्वरित भागांतही लागू झाला होता.

खरेदीखतात व्याज दिसतच नाही. शेतकरी त्याच जमिनीवर कूळ म्हणून राहतो आणि खंड देतो. हा खंड म्हणजेच व्याज. कब्जेगहाणातही तीच गत. समजा शंभर रुपयांपोटी दिलेल्या जमिनीतून सावकाराला खर्च वजा जाता वर्षाला वीस रुपये मिळतात. तीस वर्षांत सहाशे मिळाले तरी मुद्दल शंभरच राहते, आणि थकबाकीच नसल्याने जुन्या दामदुपटीला तेथे वावच नसतो. एकत्र कुटुंबांच्या बाबतीत अशी गहाणे दीर्घकाळ टिकत. आपल्याच शेतात राबण्यास घरात हात असल्याने कुटुंब तग धरून राही, आणि तग धरल्यामुळेच व्याज चालू राही.

सोडवणुकीचा प्रश्न :

गहाण सोडविण्याचा हक्क दीर्घ होता. १९६३ च्या कायद्याने ही मुदत तीस वर्षांवर येईपर्यंत ती साठ वर्षांची होती. साठ वर्षे म्हणजे किमान दोन पिढ्या. एका कर्त्याच्या गहाणखताला साठ वर्षांनी चार मुलगे आणि त्यांचे डझनभर मुलगे वारस असणे हे मुळीच नवल नव्हते. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या साठाव्या कलमानुसार, सर्वसाधारणपणे, एका हिस्सेदाराला आपल्यापुरता भाग सोडविता येत नव्हता. सोडवावयाचे तर संपूर्ण गहाण. दाव्यात सर्व हितसंबंधीयांना सामील करावे लागे. १९३७ नंतर विधवांनाही हिस्सा मिळू लागल्याने, न्याय्यच म्हणून, ही संख्या वाढली.

गहाण अखंड राहिले आणि जमीन मात्र तुकड्यांत गेली, असा हा विरोधाभास होता. डॉ. हॅरॉल्ड मान यांनी पुण्याजवळील पिंपळे सौदागर या गावाची पाहणी करून १९१७ मध्ये प्रसिद्ध केली. तीत सरासरी जमीनधारणा १७७१ मध्ये ४० एकर, १८१८ मध्ये साडेसतरा एकर, १८२० ते १८४० या काळात १४ एकर आणि १९१४-१५ मध्ये केवळ ७ एकर आढळली. चाळीस एकरांवरील कर्जाचे व्याज एका सुगीत निघू शकते. तेच कर्ज सात एकरांच्या वाटणीवर आल्यावर निघत नाही. शिवाय वाटणी झालेल्या भावांपैकी कोणी पुढाकार घेऊन संपूर्ण रक्कम भरली तर त्याला इतरांकडून त्यांचा वाटा मिळेपर्यंत त्यांच्या जमिनीवर हक्क मिळे. म्हणजे सावकाराच्या जागी भाऊ आला. नंतरच्या कित्येक भाऊबंदकीच्या दाव्यांची बीजे अशा सोडवणुकीत असावीत, असे मानण्यास जागा आहे.

मुंबई प्रांतिक बँकिंग चौकशी समितीने १९३० च्या सुमारास इलाख्यातील शेतीकर्ज ८१ कोटी रुपये असल्याचा अंदाज केला. त्याच सुमारास मंदीने धान्याचे भाव कोसळले. रुपयांत ठरलेले व्याज तसेच राहिले आणि ते भरण्यासाठी विकाव्या लागणाऱ्या धान्याची पोती वाढली. या पार्श्वभूमीवर १९३५ मध्ये प्रांतिक सहकारी भूतारण बँक स्थापन झाली, १९३९ व १९४७ मध्ये कृषिऋण निवारणाचे कायदे आले आणि त्यांनी १८७९ च्या कायद्याची जागा घेतली. १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्याच्या तेविसाव्या कलमात मुद्दलाहून अधिक व्याजाची वसुली मना करण्यात आली. तरीही १९५१-५२ च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत सहकारी संस्थांचा वाटा एकूण कर्जाच्या जेमतेम तीन टक्के आणि सावकारांचा सत्तर टक्क्यांच्या आसपास निघाला. स्वस्त व्याजाची संस्था कायद्यापेक्षा सत्तर वर्षांनी मागे होती, असेच म्हणावे लागेल.

पित्याचे ऋण फेडण्याचे पुत्राचे धार्मिक कर्तव्य, ज्याच्या आधारे सावकार एका पिढीचे व्याज दुसऱ्या पिढीकडून मागू शकत होता, ते न्यायालयांनी मान्य करणे बंद केले ते हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने. याच दुरुस्तीने मुलींना जन्मतः सहदायादाचा दर्जा मिळाला. मात्र ९ सप्टेंबर २००५ पूर्वी काढलेल्या कर्जांना कलम सहा, उपकलम चारची ही सवलत लागू नाही. त्या कर्जांपुरता मुलगा, नातू आणि पणतू यांच्यावरील जुना नियम तसाच ठेवलेला आहे.